बाटलीची अनामत : दुकानदारावर सक्ती करण्याआधी काय हवे?

मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. तिचा एक भाग आपल्या दुकानदार बांधवांना तोंडपाठ आहे. बंदी असलेली पिशवी सापडली तर पहिल्या वेळी ५ हजार रुपये दंड, दुसऱ्या वेळी १० हजार, तिसऱ्या वेळी २५ हजार आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. परंतु त्याच अधिसूचनेत दुसराही एक भाग होता, तो फार थोड्यांना आठवतो. पाण्याच्या व शीतपेयाच्या प्लास्टिक बाटलीवर ठरावीक रक्कम छापायची, गिऱ्हाइकाने रिकामी बाटली आणून दिली की ती रक्कम त्याला परत करायची, असे त्यात म्हटले होते. म्हणजेच बाटलीवर अनामत.

हा दुसरा भाग आपल्या काउंटरवर कधी आलाच नाही. पण तो कायमचा टळला असे समजू नये. गोवा सरकारने २०२४ मध्ये प्लास्टिक, काच व धातूच्या पॅकिंगवर अनामत-परतावा योजना अधिसूचित केली. तमिळनाडूत दारूच्या बाटलीवर १० रुपये अनामत घेणे २०२२ पासून सुरू झाले. केरळने सप्टेंबर २०२५ मध्ये काही सरकारी दारू दुकानांत २० रुपयांची अनामत घेऊन प्रयोग सुरू केला. आपल्यापैकी बहुतेकांचा दारूच्या धंद्याशी संबंध नाही. पण एकदा काचेच्या बाटलीवर जमलेली पद्धत पाणी, सोडा, सरबत आणि कॅनपर्यंत यायला वेळ लागत नाही. किराणा, पानपट्टी, हॉटेल, बेकरी, सरबताची गाडी किंवा भंगाराचे दुकान चालवणाऱ्या प्रत्येकाचा हा विषय आहे. तेव्हा योजना दारात येण्याआधी ती समजून घेतलेली बरी.

अनामत म्हणजे किंमत नव्हे

अनामत हा शब्द मूळचा अरबी अमानत. मराठीत येताना अक्षरांची अदलाबदल झाली, अर्थ मात्र तोच राहिला. दुसऱ्याची वस्तू किंवा रक्कम आपल्याकडे सांभाळायला ठेवलेली, मागितली की परत द्यायची. किंमत दुकानदाराची होते, अनामत कधीच होत नाही. या योजनेतील सगळे प्रश्न या एका फरकातून निघतात.

अनामतीचा व्यवहार आपल्याला नवा नाही. घरगुती गॅसचा सिलिंडर हे सर्वांत जवळचे उदाहरण. जून २०२२ मध्ये १४.२ किलोच्या सिलिंडरची अनामत १,४५० वरून २,२०० रुपये झाली. रस्त्याच्या कडेला फेकलेला गॅस सिलिंडर कोणी पाहिला आहे काय? नाही, कारण त्यात घरच्या माणसाचे पैसे अडकलेले असतात. २० लिटरच्या पाण्याच्या जारचेही तसेच. पूर्वी शीतपेयाच्या काचेच्या बाटल्या क्रेटने येत आणि क्रेटने परत जात, तेव्हा त्याही गटारात सापडत नसत.

पण या सगळ्या व्यवहारांत तीन गोष्टी होत्या. रिकामी वस्तू परत घेणारा ठरलेला होता. भरलेला माल घेऊन येणारी गाडीच रिकामा माल घेऊन जात होती. आणि किती आले, किती गेले याची चिठ्ठी होती. कापडाच्या धंद्यातही पाहा. गाठीचा माल उधारीवर जातो, खराब ताका परत येतो, वर्षानुवर्षे हे चालते. कारण दोन्हीकडच्या वहीत नोंद असते. जिथे नोंद नाही तिथे भांडण ठरलेले. बाटलीची अनामत चालवायची तर हेच तीन आधार उभे करावे लागतात. ते नसताना नुसता दंड लावला तर दुकानदार बाटली विकणे बंद करील किंवा खोटे बोलेल.

२०१८ मध्ये काय झाले?

अधिसूचनेप्रमाणे एक लिटर व त्यावरील बाटलीला १ रुपया आणि अर्ध्या लिटरच्या बाटलीला २ रुपये अशी परताव्याची रक्कम ठरली होती. लहान बाटलीला जास्त पैसे हे वाचायला उलटे वाटते, पण त्यामागे विचार होता. लहान बाटली प्रवासात, रस्त्यात, डोंगरावर रिकामी होते आणि तिथेच टाकली जाते. दुधाच्या पिशवीलाही ५० पैसे ठरले होते. गोळा करण्याची आणि पुनर्प्रक्रियेची व्यवस्था उत्पादक, विक्रेते व व्यापारी यांनी तीन महिन्यांत उभी करायची होती. २३ जून २०१८ पासून दंडाची कारवाई सुरू झाली.

पिशवीवरची कारवाई ताबडतोब दिसू लागली, कारण तिला फक्त एक निरीक्षक आणि एक पावतीपुस्तक लागते. बाटलीच्या परताव्याला मात्र गाडी, गोदाम, मोजणी आणि रोख रक्कम लागते. ते कोणी उभारायचे, यावर कंपन्या, वितरक आणि दुकानदार एकमेकांकडे बोट दाखवत राहिले. पुढे मोठ्या कंपन्यांनी बाटलीवर महाराष्ट्रासाठी परताव्याचा भाव छापला, तो होता १५ रुपये किलो.

हा बदल लहान वाटतो, पण त्यातच योजना संपली. एक लिटर पाण्याची रिकामी बाटली सुमारे २० ग्रॅम भरते. म्हणजे किलोला ५० बाटल्या आणि एका बाटलीला ३० पैसे. अर्ध्या लिटरची बाटली त्याहून हलकी, म्हणून तिचे त्याहूनही कमी; आणि अधिसूचनेत तर तिला २ रुपये होते. ३० पैशांसाठी कोणताही गिऱ्हाईक बाटली घेऊन दुकानात परत येत नाही. १५ रुपये किलो हा भंगाराचा भाव झाला. तो गिऱ्हाइकाने आधी भरलेला नाही, म्हणून त्याला परत मागण्याचा हक्क वाटत नाही. दुकानदाराने तो घेतलेला नाही, म्हणून त्याच्यावर देण्याची जबाबदारी येत नाही. मग कायदा पाळला की मोडला हे तपासायचे तरी कोठे? तपासण्यासारखे काही उरलेच नाही.

दुधाच्या पिशवीचेही तेच झाले. जून २०१९ मध्ये तत्कालीन पर्यावरण मंत्री रामदास कदम यांनी पिशवी परत घेण्याची योजना महिन्याभरात सुरू होईल असे विधिमंडळात सांगितले होते. गल्लीतल्या दूधवाल्याकडे पिशवी देऊन ५० पैसे परत मिळाले, असे सांगणारा माणूस शोधूनच काढावा लागेल.

कोंडाण्याचा हिशेब

आता ही योजना आपल्या भागात लावून पाहू. कर्जतहून राजमाचीच्या पायथ्याकडे गेले की उल्हास नदीच्या खोऱ्यात कोंडाणे लागते. तेथील बौद्ध लेणी दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. पावसाळ्यात शनिवार-रविवारी मुंबई, ठाणे, पनवेल, पुणे येथून पर्यटक येतात. आशाणे, भिवपुरी, नेरळ, माथेरान, खालापूरकडचा इर्शाळगड, सर्व ठिकाणी हेच चित्र. त्यांच्यातील बहुतेक जण बाटली पिशवीत घालूनच येतात. ती विकत घेतलेली असते पनवेलला, ठाण्याला किंवा द्रुतगती महामार्गावरील थांब्यावर. रिकामी होते ती कोंडाण्याच्या वाटेवर. टाकलेली बाटली ओढ्यातून उल्हास नदीत आणि नदीतून बदलापूर, कल्याणकडे जाते.

समजा, प्रत्येक बाटलीवर ५ रुपये अनामत लागू झाली. कोंडाण्याच्या वाटेवर टपरी चालवणाऱ्या एका दुकानदाराने रविवारी ५० बाटल्या विकल्या. त्याने अनामत घेतली २५० रुपये. संध्याकाळी उतरणाऱ्या लोकांनी त्याच्यापुढे २०० बाटल्या ठेवल्या. त्याला परत द्यायचे १,००० रुपये. म्हणजे ७५० रुपये त्याच्या गल्ल्यातून गेले. चार रविवारी ३,००० रुपये. त्या टपरीच्या महिन्याच्या नफ्याचा हा केवढा मोठा भाग असेल, हे धंदा करणाऱ्याला सांगायला नको. शिवाय बाटल्या ठेवायच्या कुठे? पावसात, दहा फुटांच्या टपरीत?

उलट महामार्गावरील दुकान पाहा. त्याने ५०० बाटल्या विकल्या, २,५०० रुपये अनामत घेतली. त्याच्याकडे परत आल्या फक्त ५०. दिले २५० रुपये. उरलेले २,२५० रुपये कोणाचे? त्याचे नाहीत, ती अमानत आहे. तरी ते त्याच्याच गल्ल्यात पडून राहतात.

अनामतीचे पैसे एका काउंटरवर जमा होतात आणि दुसऱ्याच काउंटरवर मागितले जातात. या दोन गल्ल्यांच्या मध्ये एक सामाईक तिजोरी नसेल तर छोट्या दुकानदारावर केलेली सक्ती म्हणजे त्याच्या खिशातून वसुली. आणि तिजोरी असेल, तर बाटली नाकारायला दुकानदाराजवळ कोणतीही सबब उरत नाही. दोन्ही गोष्टी सारख्याच खऱ्या आहेत.

इतर देशांत सक्ती कशी झाली?

जर्मनीचे उदाहरण फार उपयोगी आहे. तेथे १ जानेवारी २००३ पासून एकदाच वापरायच्या बाटल्या व कॅनवर किमान २५ सेंट अनामत सक्तीची झाली. परंतु सामाईक हिशेबाची व्यवस्था तयार नव्हती. मोठ्या दुकानसाखळ्यांनी आपापल्या खास आकाराच्या बाटल्या काढल्या आणि फक्त त्याच परत घेऊ लागल्या. गिऱ्हाइकाला प्रत्येक बाटली आपापल्या दुकानात न्यावी लागे. २००५ मध्ये सामाईक हिशेब ठेवणारी संस्था उभी राहिली, बाटलीवर एकच खूण आली आणि मे २००६ पासून नियम बदलला. दुकानात प्लास्टिकची बाटली विकत असाल तर कोणत्याही दुकानातून घेतलेली प्लास्टिकची बाटली परत घ्यायची, कॅन विकत असाल तर कॅन घ्यायचे. २०० चौरस मीटरपेक्षा लहान दुकानाला मात्र आपण विकतो त्याच छापाचा माल परत घेण्याची सवलत मिळाली. आता तेथे ९५ टक्क्यांहून अधिक बाटल्या परत येतात. सक्ती २००३ मध्येही होती, फळ आले २००६ नंतर. मधल्या काळात बदलली ती हिशेबाची व्यवस्था.

अमेरिकेतील ओरेगन राज्याने १९७१ मध्ये बाटलीचा कायदा केला. त्या देशातला तो पहिलाच. तेथे दुकानदाराने बाटली परत घेतलीच पाहिजे, पण त्याला मर्यादेचे संरक्षण आहे. लहान दुकानाने एका माणसाकडून दिवसाला ५० बाटल्या घेतल्या की पुढच्या नाकारता येतात, मोठ्या दुकानाला ही मर्यादा १४४ आहे. लहान दुकानाला आपण विकत नाही तो माल नाकारता येतो. तिथे अनामत ५ सेंट होती. परत येणाऱ्या बाटल्यांचे प्रमाण सलग दोन वर्षे ठरलेल्या पातळीखाली गेले, म्हणून एप्रिल २०१७ पासून ती १० सेंट झाली. वाढीची अट कायद्यातच लिहिलेली होती, त्यासाठी आंदोलन करावे लागले नाही.

कॅलिफोर्नियात याच्या उलट घडले. तेथे बाटल्या घेण्याचे काम मुख्यतः स्वतंत्र केंद्रांकडे होते. मोठ्या दुकानाच्या अर्ध्या मैलात केंद्र नसेल तर दुकानाने स्वतः बाटल्या घ्यायच्या, नाहीतर दिवसाला १०० डॉलर भरायचे. भंगाराचे भाव पडले आणि ऑगस्ट २०१९ मध्ये रीप्लॅनेट नावाच्या कंपनीने आपली २८४ केंद्रे एका दिवसात बंद केली. लोकांनी अनामत भरलेली, बाटली हातात, पण घेणारा नाही. अनेक दुकानांना बाटल्या घेण्यापेक्षा पैसे भरणे सोपे वाटले. धडा स्पष्ट आहे. दंड भरणे हा कायदा पाळण्याला पर्याय म्हणून ठेवला तर मोठा व्यापारी दंड भरून मोकळा होतो. दंड तेवढाच लहान व्यापाऱ्याला लावला तर तो बुडतो.

आयर्लंडने १ फेब्रुवारी २०२४ पासून योजना सुरू केली. लहान बाटलीला १५ सेंट, मोठीला २५ सेंट. प्रत्येक विक्रेत्याला नोंदणी सक्तीची. परत घेतलेल्या प्रत्येक बाटलीमागे दुकानदाराला हाताळणीचा मोबदला मिळतो. २५० चौरस मीटरपर्यंतच्या दुकानाला अर्ज करून बाटल्या घेण्यातून सूट मिळू शकते. पण अनामत घेणे आणि फलक लावणे यातून सूट नाही.

आपल्या देशातील अनुभव

निलगिरी जिल्ह्यात पर्यटकांनी जंगलात फोडलेल्या दारूच्या बाटल्यांच्या काचा वन्यप्राण्यांच्या पायात जाऊ लागल्या. मद्रास उच्च न्यायालयाने हा प्रश्न हाती घेतला आणि मे २०२२ पासून तेथील सरकारी दारू दुकानांत बाटलीवर १० रुपये जास्त घेऊन रिकामी बाटली आणल्यावर परत देणे सुरू झाले. दहापैकी नऊहून अधिक बाटल्या परत येऊ लागल्या आणि योजना इतर जिल्ह्यांत नेण्यात आली. डोंगराळ पर्यटनस्थळाची ही गोष्ट असल्याने कोंडाणे आणि माथेरानला ती लागू पडते. मात्र हेही लक्षात घ्यावे की तेथे विक्रेता एकच, म्हणजे सरकारी महामंडळ. त्यामुळे तिजोरीही एकच. तरीसुद्धा दुकानातील कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी तक्रार केली की जागा नाही, वाढीव माणूस नाही, सगळे काम आमच्यावर आले. सरकारी दुकानातील पगारी माणसाला हा बोजा वाटतो, तर टपरीवाल्याला किती वाटेल?

केदारनाथला २०२२ मध्ये प्लास्टिक बाटलीवर १० रुपये अनामत घेऊन प्रत्येक बाटलीला वेगळ्या चौकटी कोडची चिठ्ठी लावण्याची पद्धत सुरू झाली. मोबाईलने कोड वाचला की पैसे परत. तो कोड पुन्हा चालत नाही.

फसवणूक कोठे होते?

अनामत जितकी मोठी, तितकी लबाडीची ओढ मोठी. तीन प्रकार ठाऊक असावेत. पहिला, एकच बाटली दोनदा परत करणे. म्हणून परत घेतलेली बाटली लगेच चेपणे किंवा तिच्यावरची खूण फाडणे आवश्यक आहे. दुसरा, जिथे अनामत नाही त्या राज्यातून रिकाम्या बाटल्या आणून अनामतीच्या राज्यात वटवणे. महाराष्ट्राला लागून गोवा, कर्नाटक, गुजरात आहेत, हे विसरू नये. म्हणून बाटलीवर राज्याची खूण हवी. तिसरा प्रकार दुकानदाराकडून होतो. अनामत घ्यायची, पण फलक लावायचा नाही. गिऱ्हाईक मागायला आला की "आज गोणी भरली, उद्या या" असे सांगायचे. दूरचा पर्यटक उद्या येणार नसतो. अशा रीतीने ठेवलेले पैसे हा नफा नाही, दुसऱ्याची अमानत दाबून ठेवणे आहे. असे करणाऱ्यावर कारवाई झाली तर व्यापारी संघटनेने त्याची बाजू घेऊ नये.

दुसरीकडे दुकानदाराचीही फसवणूक होते. काचेच्या बाटल्यांचा जमाना होता तेव्हा माझ्या परिचयातील एका शीतपेय विक्रेत्याला वितरकाचा माणूस प्रत्येक फेरीत काही बाटल्या "तोंड फुटलेली" म्हणून नाकारी. गिऱ्हाइकाला अनामत दिलेली, वितरकाने नाकारलेली, तोटा मधल्याचा. बाटली कोणत्या अवस्थेत घ्यायची, हे गिऱ्हाईक आणि वितरक दोघांसाठी एकच लिहिलेले असले पाहिजे. चेपलेली चालेल, आत माती चालणार नाही, खूण वाचता आली पाहिजे, एवढे साधे.

वहीत कसे लिहावे?

आपल्या मित्रांना पडणारा पहिला प्रश्न जीएसटीचा. केंद्रीय जीएसटी कायदा २०१७ च्या कलम २ (३१) मध्ये म्हटले आहे की मालाच्या व्यवहारात दिलेली अनामत ही, विक्रेता ती किमतीत वळती करीत नाही तोपर्यंत, मोबदला धरली जात नाही. म्हणून बिलात किंमत वेगळी आणि अनामत वेगळी दाखवणे महत्त्वाचे आहे. दोन्ही एकत्र लिहिले तर नंतर हिशेब समजावणे कठीण होईल.

दुसरा प्रश्न कमाल किमतीचा. वैधमापनशास्त्राच्या २०११ च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांप्रमाणे छापील कमाल किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही. म्हणून कोणी हौसेने स्वतःच बाटलीवर ५ रुपये जास्त लावून नंतर परत देण्याची पद्धत सुरू केली, तर गिऱ्हाइकाच्या तक्रारीवर तोच अडकू शकतो. अनामत बाटलीवर किमतीखेरीज स्वतंत्र छापलेली असावी आणि शासनाचा आदेश असावा, तरच ती घ्यावी.

तिसरी गोष्ट सवयीची. अनामतीची रक्कम वेगळ्या डब्यात किंवा वेगळ्या खात्यात ठेवावी. चार पैसे हाताशी आले की धंद्यात फिरवायचे, ही आपली सर्वांची सवय. अनामतीत ती चालत नाही, कारण मागणी कोणत्या दिवशी येईल हे आपल्या हातात नाही. न मागितलेली रक्कम कोणाची, याचेही उत्तर योजनेतच असले पाहिजे. मिशिगन राज्यात तिचा मोठा भाग सरकारी सफाई निधीला जातो आणि काही भाग दुकानदारांना वाटला जातो. आपल्याकडे ती कंपनीकडे राहिली तर कंपनीला बाटल्या कमी परत येण्यातच फायदा दिसेल. ही चूक सुरुवातीलाच टाळली पाहिजे.

भंगारवाल्या बांधवांचे काय?

या विषयात सर्वांत कमी विचारला जाणारा प्रश्न हा आहे. प्लास्टिक बाटली आणि ॲल्युमिनियमचा कॅन आजही बऱ्याच प्रमाणात गोळा होतात, ते कचरा वेचणाऱ्या बायाबापड्या आणि भंगार दुकानदारांमुळे. केंद्र सरकारच्या फेब्रुवारी २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर प्लास्टिक गोळा करण्याची जबाबदारी टाकली, पण प्रत्यक्ष बाटली उचलणारा हात त्यांचाच. काचेला भाव नसल्यासारखाच, म्हणून काच पडून राहते आणि पाय कापते. अनामतीची खरी गरज काचेच्या बाटलीला सर्वांत जास्त आहे.

योजना फक्त दुकाने आणि यंत्रे यांच्यातच राहिली तर भंगार दुकानातून किमती माल निघून जाईल आणि हलका, मळका माल उरेल. उलट नोंदणीकृत भंगार दुकानालाच परतावा केंद्र केले, तर एकाच वेळी तीन कामे होतात. त्याच्याकडे जागा आहे, वजनकाटा आहे आणि पुढची गाडी ठरलेली आहे. कोंडाण्याच्या टपरीवाल्याला २०० बाटल्या रात्रभर ठेवण्याची गरज उरत नाही, तो गिऱ्हाइकाला कर्जतच्या केंद्राकडे पाठवू शकतो. वेचणाऱ्या बाईला ३० पैशांऐवजी पूर्ण अनामत मिळते. यासाठी भंगार दुकानदारांनी आतापासून परवाना, जीएसटी नोंदणी आणि वजनाची पावती नीट ठेवावी. कागद नसलेल्याला केंद्र मिळणार नाही.

आपण काय मागावे?

योजना येईल तेव्हा हरकती व सूचनांसाठी मुदत दिली जाईल. आपल्या व्यापारी संघटनांनी नुसता विरोध न नोंदवता पुढील गोष्टी लेखी मागाव्यात.

१) राज्यभर एकच तिजोरी असावी आणि दुकानदाराने दिलेला परतावा ठरलेल्या दिवसांत, शक्यतो आठवड्यात, त्याच्या खात्यात जमा व्हावा. लहान दुकानदाराला सुरुवातीला थोडी रक्कम आगाऊ मिळावी.

२) प्रत्येक बाटलीमागे हाताळणीचा मोबदला मिळावा. जागा, गोणी आणि हात फुकट नसतात.

३) लहान दुकानाला एका गिऱ्हाइकामागे दिवसाची मर्यादा असावी आणि जवळ मान्यताप्राप्त केंद्र असेल तर तिकडे पाठवण्याची मुभा असावी.

४) रिकाम्या बाटल्या उचलण्याची मुदत वितरकावर बांधलेली असावी. त्याने उचलल्या नाहीत तर पहिला दंड त्याला व्हावा, दुकानदाराला नव्हे.

५) तपासणी गुपचूप व्हावी. अधिकाऱ्याने साध्या गिऱ्हाइकासारखे जाऊन बाटली द्यावी आणि पैसे मिळतात का पाहावे. गल्ला उपसून पाहणे, माल जप्त करणे हे पहिल्या भेटीत नसावे. पहिल्या वेळी लेखी ताकीद, नंतर दुकानाच्या उलाढालीप्रमाणे वाढता दंड.

६) फलक सर्वांना सक्तीचा असावा. अनामत किती, परतावा कधी, तक्रार कोठे, हे मराठीत मोठ्या अक्षरांत.

या सहा गोष्टी मिळाल्या तर दुकानदाराने सातवी गोष्ट स्वतःहून द्यावी, ती म्हणजे कोणतीही योग्य बाटली न नाकारण्याची हमी. आपण दहा रुपये अनामत घेतली आणि कर्जतच्या गाडीला उशीर झालेला पर्यटक ती मागायला उभा राहिला, तर त्याला उद्या या असे सांगण्याचा हक्क आपल्याला नाही. सरकारने तिजोरी भरलेली ठेवावी आणि दुकानदाराने काउंटर उघडे ठेवावे. यातील पहिले काम झाल्याशिवाय दुसऱ्यासाठी दंडाचे पावतीपुस्तक काढू नये, एवढेच आपले म्हणणे असावे.